तुमचे हात मंदावलेले नाहीत, ताई

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: 'मी बेचाळीस वर्षांची. लहानपणी दादा आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्ही गेम खेळायचो. मारिओ, कॉन्ट्रा, टँक. परवा माहेरी माळा आवरताना तो सेट सापडला. दोन जॉयस्टिक, चार कॅसेट, बदकं मारायची बंदूक, सगळं आहे, फक्त अडॅप्टर नाही. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहा. दोघंही फोनवर खेळतात. एका नातेवाइकांकडे नव्या मशीनवर तोच जुना मारिओ खेळून पाहिला तर पहिल्याच खड्ड्यात पडले, दोन मिनिटांत तिन्ही लाईफ गेली. वय झालं का? आमचा सेट नव्या टीव्हीला लागेल का? आणि मुलांना हे आवडेल, की हा माझ्या एकटीचाच हट्ट?'

मी तेवीस वर्षं टीव्ही आणि गेमच्या सेटची दुरुस्ती करतोय, दोन मुलींचा बाप आहे, आणि आमच्या घरात आजही रविवारी दोन जॉयस्टिक बाहेर निघतात. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तुम्ही मध्येच सहज लिहून गेला आहात, तिथूनच सुरुवात करतो.

तुमचे हात मंदावलेले नाहीत. गेम खरोखरच जास्त वेगाने चालत होता.

मारिओ मुळात जपानमध्ये १९८५ साली निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या मशीनसाठी निघाला. तिथला टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवतो आणि गेमची सगळी हालचाल त्या साठाच्या हिशेबाने बांधलेली आहे. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रांचे. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी आपल्या घरांत आलेले बहुतेक सेट त्याच जपानी मशीनवर बेतलेले होते, पण चालायचे पन्नासावर. गेम तोच आणि सेकंदाला चित्रं कमी, म्हणून उडी सावकाश, कासव सावकाश, सगळंच सावकाश. गाण्याचा सूर जवळपास तोच राहायचा, ठेका मात्र संथ व्हायचा. आज कुठल्याही नव्या मशीनवर किंवा कॉम्प्युटरवर तुम्ही मूळ वेगाचा मारिओ खेळता आणि तो तुमच्या बालपणीच्या मारिओपेक्षा वीस टक्के वेगवान असतो. हाताला लागलेली सवय मात्र जुन्या वेगाची असते. खड्ड्याच्या काठावर बोट नेमकं त्याच क्षणी दाबलं जातं जो क्षण १९९४ साली बरोबर होता.

हे घड्याळ लावून तपासता येतं. पहिल्या स्टेजला वर उजवीकडे ४०० पासून आकडा उतरायला लागतो. तो आकडा म्हणजे सेकंद नव्हेत. गेम दर चोवीस चित्रांनी त्यातून एक वजा करतो. मूळ वेगाला शंभर आकडे उतरायला चाळीस सेकंद लागतात, आपल्या जुन्या सेटवर अठ्ठेचाळीस. माळ्यावरचा सेट सुरू झाला की मुलाच्या हातात घड्याळ द्या आणि मोजायला सांगा. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे कितीतरी आईबाप हीच खंत घेऊन येतात, आणि हे मोजून दाखवलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहायला मला फार आवडतं.

आता सेट. अडॅप्टर नाही म्हणता, तर घरात पडलेला कुठलाही लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. यात सेट मरतात. या सेटना साधारण नऊ व्होल्ट डीसी लागतं आणि आतला तीन पायांचा रेग्युलेटर, ७८०५, त्याचे पाच व्होल्ट करतो. पण पिनच्या आतल्या टोकाला अधिक हवं की उणे, हे प्रत्येक सेटचं वेगळं. मूळ जपानी मशीनमध्ये मधलं टोक उणे होतं, बऱ्याच नकली सेटनी तेच उचललं, सगळ्यांनी नाही. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरचं मधलं टोक अधिक असतं. सेट उलटा करून लेबल बघा. मध्ये ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना अधिक-उण्याच्या खुणा असं छोटं चित्र असेल. लेबल पुसलं गेलं असेल तर जवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो सेट उघडून मल्टिमीटरने दोन मिनिटांत सांगेल. उलटं लावल्यास बऱ्याच स्वस्त सेटमध्ये अडवायला डायोडसुद्धा नसतो. रेग्युलेटर गेला तर तो पंधरा-वीस रुपयांत बदलता येतो, पण मुख्य चिप गेली तर तो सेट संपला. त्या चिपवर काळा डांबरासारखा गोळा ओतलेला असतो, खाली काय जळलं हे पाहताही येत नाही.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, आणि गेम लागायचासुद्धा. लागायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतली ओल पिनांवर बसते आणि वर्षानुवर्षांनी तिथे हिरवट थर येतो. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने पिना हलक्या हाताने घासा, मग कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. जॉयस्टिकची बटणं अडत असतील तर मागचे स्क्रू काढून आतल्या रबराच्या काळ्या टिकल्या त्याच अल्कोहोलने पुसायच्या. एखादी दिशाच लागत नसेल तर बहुतेक वेळा वायर मुळाशी, जॉयस्टिकमध्ये शिरते तिथे आतून तुटलेली असते. तेवढा तुकडा कापून पुन्हा डाख दिला की झालं. तुमच्या चार कॅसेटपैकी तीन तरी लागतील असा माझा अंदाज आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या कॅसेट बघून हे म्हणतोय.

नव्या टीव्हीचं सांगतो. सेटला मागे पिवळं आणि पांढरं किंवा लाल असं भोक असेल तर तेच वापरा, अँटेनाच्या वायरीपेक्षा चित्र किती तरी स्वच्छ येतं. नव्या टीव्हीत बऱ्याचदा ही तीन रंगांची भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं आणि त्याची जोडवायर वेगळी घ्यावी लागते. तिची आतली जोडणी प्रत्येक टीव्ही कंपनीची वेगळी. चित्राऐवजी नुसती घरघर आली तर पिवळी पिन लालमध्ये आणि लाल पिवळ्यामध्ये घालून बघा, सेट बिघडलेला नसतो. चित्र आलं की टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून चालू करा. सपाट टीव्ही जुनं चित्र मोठं करायला, गुळगुळीत करायला वेळ खातो. तेवढ्यात पाच चित्रं मागे पडली तर पन्नासाच्या हिशेबाने सेकंदाचा दहावा भाग गेला, आणि मारिओच्या उडीत तेवढा उशीर जीवघेणा असतो. लहान मूल हे बोलून दाखवू शकत नाही. ते फक्त 'मला जमत नाही' म्हणतं आणि उठून जातं. म्हणून मुलांना बोलावण्याआधी एकटीने बसून पाहा. बटण दाबणं आणि मारिओचं उडणं यात डोळ्याला जाणवेल इतकं अंतर असेल तर आधी ते सोडवा.

बदकांची बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही. याची हळहळ मलाही आहे. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा छोटा डोळा आहे, त्याला त्या नेमक्या क्षणी पांढरं दिसलं तर बदक पडतं. जुन्या काचेच्या टीव्हीत तो चौकोन ठरल्या वेळी उमटायचा. सपाट टीव्हीत उशिरा येतो, तोवर डोळ्याची वेळ संपलेली असते. माहेरी जुना डबा टीव्ही अजून चालू असेल तर तो भंगारात देऊ नका, बंदूक तिथेच ठेवा. फक्त त्या टीव्हीचं मागचं झाकण कुणी हौसेने उघडू नये. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात.

सेट अगदीच गेला असेल तर दुसरे मार्ग आहेत. निन्टेन्डोच्या स्विच या नव्या मशीनवर वर्गणी भरून मूळ मारिओ मिळतो, आणि तिथे चुकल्यावर थोडं मागे जायची सोय आहे, सहा वर्षांच्या मुलीसाठी ती वरदान आहे. कॉन्ट्रा हवा असेल तर तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीने २०१९ साली जुन्या कॉन्ट्रांचा अधिकृत संच काढला, तो साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. बाजारात हजारो गेम भरलेल्या, थेट टीव्हीला लावायच्या स्वस्त काड्या मिळतात, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. गेम विनापरवाना भरलेले असतात, बिनवायरीच्या जॉयस्टिक उशिराने ऐकतात, आणि यादीच्या पोटात कधीकधी मुलांसमोर उघडू नयेत असे गेमही निघतात. घेतलीच असेल तर पूर्ण यादी आधी स्वतः उघडून बघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मुलांना आवडेल का. इथे मी स्वतः चुकलो होतो ते सांगतो. थोरली सात वर्षांची असताना मी मोठ्या हौसेने सेट झाळून, पुसून, टीव्हीला लावला आणि तिच्या हातात जॉयस्टिक दिली. ती खेळायला लागली आणि मी बोलायला लागलो. इथे उडी मार, तिथे फुलाची वीट आहे, अगं पळ, थांब, आता खाली जा. दहा मिनिटांत तिने जॉयस्टिक माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, 'बाबा, तूच खेळ.' मला वाटलं, तिला आवडलं नाही. खरं तर तिला खेळायलाच मिळालं नव्हतं. पुढे वर्षभर तिने त्या सेटकडे पाहिलं नाही.

मारिओची पहिली स्टेज निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी अशी रचली आहे की शिकवायला दुसरं कुणी लागतच नाही. डावीकडे काही नाही, म्हणून मूल उजवीकडे जातं. समोरून तपकिरी शत्रू चालत येतो, त्याला लागलं की पहिलं लाईफ जातं, आणि लगेच दुसरा डाव, कारण गेलेलं अंतर दहा पावलांचंच असतं. दुसऱ्या वेळी मूल उडी मारतं. वरच्या विटेतून मशरूम निघतो, पुढच्या पाइपावर आपटून उलटा फिरतो आणि मुलाच्याच अंगावर येतो, पळायला फारशी जागा नसते. त्याला लागताच मारिओ मोठा होतो आणि मुलाला कळतं, हा चांगला. एक अक्षर वाचावं लागत नाही. तुमच्या सहा वर्षांच्या मुलीला इंग्रजी येत नसलं तरी काही बिघडत नाही. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड आहे, पण करा.

पण सुरुवात मारिओने करू नका. मारिओ दोघांचा निवडला तरी दोघं एकत्र खेळत नाहीत. एकाचं लाईफ जाईपर्यंत दुसऱ्याने बघत बसायचं. तुम्ही चांगलं खेळलात तर मुलगी पाच मिनिटं नुसती ताटकळणार. मारिओ खेळायचाच असेल तर आमच्या घरचा नियम वापरा: एकट्याचाच खेळ लावायचा, आणि लाईफ गेलं किंवा स्टेज संपली की जॉयस्टिक पुढच्याकडे. तिघांनी मिळून एकच मारिओ पुढे न्यायचा.

सुरुवात टँकने करा. नामको कंपनीचा बॅटल सिटी, १९८५ चा. मुलांसोबत खेळायला त्या काळच्या कॅसेटमध्ये याच्यासारखा दुसरा गेम नाही असं माझं ठाम मत आहे. दोघं एका बाजूला, खाली विटांच्या आड गरुड, आणि वरून येणारे वीस टँक. गरुड फुटला की दोघांचाही डाव संपला. यात लहानग्याला खरं काम असतं, त्याला उगाच सोबत घेतलेलं नसतं. मुलीला गरुडापाशी राखणीला ठेवा, तुम्ही वर जा. तिच्या गोळीने तुम्ही क्षणभर गोठाल, ती खिदळेल. कधी तिच्याच गोळीने विटा फुटून गरुड जाईल आणि ती रडवेली होईल. तेव्हा काय बोलायचं ते तुम्हाला सुचेलच. फावडं मिळालं की गरुडाभोवती काही काळ पोलादी भिंत होते, ते उचलायचा मान तिला द्या. अशा पस्तीस स्टेज आहेत. आणि सुरुवातीच्या यादीत 'कन्स्ट्रक्शन' नावाची तिसरी ओळ आहे, ती आपण लहानपणी इंग्रजी न कळल्याने सोडून द्यायचो. तिथे स्वतःचं मैदान बांधता येतं. विटा, पोलाद, पाणी, झाडी. माझी धाकटी आठवडाभर फक्त मैदानंच बांधत होती. सेट बंद केला की ते पुसलं जातं, म्हणून तिने वहीत चौकोन आखून नकाशे काढायला सुरुवात केली. ती वही मी जपून ठेवली आहे.

मुलगा दहाचा आहे, त्याच्यासोबत कॉन्ट्रा खेळा. त्यात गोळीबार आहे, पण आकृत्या इतक्या छोट्या आणि साध्या की मला त्यात वावगं वाटत नाही. सहाच्या मुलीला मात्र एवढ्यात नको. तिसऱ्या स्टेजला धबधबा आहे. एक जण भराभर वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. तुम्ही आणि दादा तिथे नक्की भांडला असाल. आणि एकाची लाईफ संपली की ए बटण दाबून दुसऱ्याचं लाईफ घेता येतं, हेही आठवत असेल. तुमच्या कॅसेटमध्ये तीस लाईफचा पर्याय नसेल तर सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए दाबा, दोघांसाठी त्यानंतर सिलेक्ट, मग स्टार्ट. ही किल्ली कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी दुसऱ्याच गेमसाठी, स्वतःला तो तपासायला सोपा जावा म्हणून घातली होती. तीस लाईफ घेऊन खेळणं म्हणजे लबाडी असं मुलाला वाटू देऊ नका. हे गेम अवघड केले त्याला कारण होतं. अख्खा मारिओ, बत्तीस स्टेज, गाणी, चित्रं, सगळं मिळून चाळीस किलोबाइटमध्ये बसतं, आज फोनवर येणारा शुभेच्छांचा एक फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेतला खेळ महिनोन्‌महिने पुरवायचा तर तो अवघडच करावा लागायचा.

घरात आजी असतील तर त्यांना टेट्रिस द्या, वरून पडणारे तुकडे फिरवून नीट बसवायचा खेळ. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो बनवला. माझी आई कुठल्याच गेमकडे वळली नव्हती, टेट्रिसकडे वळली. आयुष्यभर एका फडताळात चाळीस डबे बसवलेली बाई ती, तिला ते तुकडे फिरवायला कुणी शिकवावं लागलं नाही. नातींपेक्षा तिचा आकडा अजून वरचा आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने याच जुन्या मशीनवरचा टेट्रिस इतका पुढे नेला की १५७व्या पातळीवर गेमच गोठला. तुमच्या मुलाला ही गोष्ट सांगा. त्याच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा मुलगा, आणि मशीन तुमच्या माळ्यावरच्या सेटचंच भावंड.

मुलं फोनवर खेळतात म्हणालात. मी फोन वाईट म्हणणार नाही, पण फरक सांगतो. कॅसेट काही विकत घ्यायला सांगत नाही, मध्ये जाहिरात दाखवत नाही, अनोळखी माणसाशी बोलू देत नाही, आणि 'उद्या आला नाहीस तर बक्षीस जाईल' असं म्हणत नाही. शेवटचा राजवाडा जिंकला की मारिओ संपतो. माझ्या मुलींना 'आता पुरे' म्हणायला तिथे मला कधी आवाज चढवावा लागला नाही, 'तीन लाईफ झाली की जेवायला' एवढं पुरतं. घरात कुणाला फिट येण्याचा इतिहास असेल तर मात्र लखलखणारे गेम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मुलांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं तर आग्रह करू नका. तुम्ही स्वतः खेळा, दार उघडं ठेवून, आवाज थोडा मोठा ठेवून. माझी थोरली वर्षभराने आली ती अशीच. मी एकटा टँक खेळत होतो, दुसरी जॉयस्टिक गादीवर पडली होती, ती येऊन बसली आणि काही न बोलता तिने ती उचलली.

आणि एक गोष्ट तुमच्याजवळ ठेवा, मुलांना लगेच सांगू नका. मारिओत चार-चार स्टेजचं एकेक जग असतं. सहाव्या-सातव्या जगात तिन्ही लाईफ गेली की सगळं पहिल्यापासून, म्हणून तुम्ही आणि दादा किती संध्याकाळी हताश होऊन उठला असाल. सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरा आणि मग स्टार्ट दाबा. ज्या जगात डाव संपला, त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून गेम सुरू होतो. फक्त मध्ये सेट बंद करायचा नाही. हे तेव्हापासून त्याच कॅसेटमध्ये आहे. मुलगा सातव्या जगातून पडून जॉयस्टिक टाकून उठेल ना, त्या दिवशी दाखवा. आणि दादाला तर आजच फोन करून सांगा.